गाईडचं नाव

आमचं अ‍ॅमस्टरडॅमचं मराठी मंडळ वर्णभेदाच्या कडक विरोधात आहे. तोंडाला काळं फासून नाचायच्या इथल्या प्रथेविरुद्ध दर हिवाळ्यात आम्ही सह्या करतो. बोट्स्वानाच्या सफारीत मात्र आमच्या गाईडला, कागिसोला, सगळेच 'काळू' म्हणत होतो. त्याला कुठे मराठी कळतंय!

शेवटच्या दिवशी त्यानंच विचारलं, "काळू म्हणजे काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मित्र," मी म्हणालो.

"वाचवलंस रे," बायको पुटपुटली.

कागिसो खूश झाला. त्यानं वही पुढे केली, "तुमच्या लिपीत लिहून द्या ना."

काल ऑफिसात त्याचा फोटो आला. नव्या जीपच्या दारावर हातभर अक्षरांत 'काळू' रंगवलंय.



अक्षर माझंच आहे.