अटलांटिकसाठी वरोऱ्यात

"म्हणजे पाठ पुढं करून वल्हवाचं?" सुनिलभाऊंनी विचारलं. "समोरचं दिसतच नाई?"

"नाही दिसत," मोनाली म्हणाली. "मागे काय राहिलं, तेवढंच दिसतं."

सुनिलभाऊंच्या कोरपन्यातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात टेबलावर सिमेंटची बारीक धूळ बसली होती. मोनालीने रुमालाने लॅपटॉपपुरती जागा पुसून घेतली होती. पडद्यावरच्या फोटोत तिची धाकटी बहीण दिव्यानी मालवणच्या किनाऱ्यावर एका अरुंद पांढऱ्या बोटीत बसून हसत होती. एकटीने वल्हवत अटलांटिक महासागर पार करायचा तिचा बेत होता. त्या निमित्ताने जमेल त्या पैशातून अहेरीच्या पुढे, नदीपल्याडच्या गावांसाठी पेशंट आणणारी मोटरबोट घ्यायची होती.

पावसाळ्यात ती गावं तुटतात. या दोघींची आई अशाच एका पावसात पल्याडच्या काठावर, खाटेवर पडून डोंग्याची वाट बघत गेली. दिव्यानी तेव्हा पहिलीत होती. मोनालीनेच तिला लहानाचं मोठं केलं.

नदीवरच्या बोटीसाठी दोघी तीन वर्षं दारोदार फिरल्या. कोणी फाटकाच्या आत घेतलं नाही. अटलांटिकचं नाव काढल्यावर मात्र खुर्ची मिळू लागली, चहा येऊ लागला.

दिव्यानी सरावात अडकलेली, म्हणून प्रायोजकांना भेटायचं काम मोनालीकडे आलं. वरोऱ्याच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. इथेही ती तशीच बोलायची, शांतपणे आणि नेमकं. आधी धोके. समुद्राचं पाणी तहान भागवत नाही, पिणाऱ्याच्या अंगातलंच पाणी ओढून घेतं. ते गोड करणारं यंत्र बंद पडलं, तर जवळ दुकान नाही. लाटेने बोट उलटते आणि पुन्हा सरळ होते. आतल्या माणसाने स्वतःला दोराने बांधून घेतलेलं असलं तर तोही सरळ होतो. मदत पोचायला कित्येक दिवस लागू शकतात.

"हे सारं काऊन सांगून राह्यल्या, मॅडम?" सुनिलभाऊ म्हणाले. "लोक तर फायदे सांगतात."

"पैसे देणाऱ्याला माहीत असावं."

"तिच्या मागं घरचं कोण?"

"मी."

सुनिलभाऊंनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी दारात उभ्या ड्रायव्हरला बाहेर जायला सांगितलं.

संध्याकाळी दिव्यानीचा फोन आला. "ताई, नाई म्हणाले. त्याईनं स्वतःच फोन केला."

मोनाली थांबली नाही. रविवारी पहाटेच्या बसने ती अहेरीला गेली. डॉक्टर प्रफुल दवाखान्यातली गर्दी सोडून तिच्यासमोर तासभर बसले. शेवटी त्यांनी "नक्की ना?" असं दोनदा विचारलं. मोनालीने दोन्ही वेळा मान हलवली. त्यानंतर राजुऱ्याचे पेट्रोलपंपवाले झाले. दोघांचेही फोन दिव्यानीला गेले. दोघांचंही उत्तर तेच.

"एक गोष्ट मले समजून नाई राह्यली," दिव्यानी फोनवर म्हणाली. "आपल्याकडं कोणी असं तोंडावर नाई म्हणते का? 'पाहू' म्हणते. 'दिवाळीनंतर या' म्हणते. लहानूमामानं एका सोयरिकीले दोन वर्षं 'पाहू' म्हटलं. पोरीले दुसऱ्या घरी लेकरू झालं, तरी याचं पाहूच चालू! आन् हे तिघंही सरळ नाई म्हणतात?"

"माणसं बदलली असतील."

"तू भेव घालून राह्यली त्याईले. ते मीठपाणी जरा कमी सांग नं."

"खोटं सांगू?"

"खोटं नको सांगू, हसून सांग. बारावीच्या पोराईले नापास केल्यासारखं तोंड करतेस तू."

मोनाली हसली. दिव्यानी मात्र हसली नाही.

"शुक्रवारपर्यंत प्रायोजक नाई सापडला, तर यंदाचं गेलं, ताई."

"केसरबाई राहिल्यात अजून."

"त्याही नाई म्हणाल्या तर?"

"मी सोडणारी नाही," मोनाली म्हणाली. "तू हाताला मलम लाव. फोड फुटलेत, दिसलं मला फोटोत."

केसरबाईंची कापसाची जिनिंग मिल वरोऱ्यातली जुनी. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली आणि अडतीवरच्या भल्याभल्यांना घाम फोडला. त्या आल्या तेव्हा त्यांच्या पदराला कापसाचे तंतू चिकटलेले होते.

"बस. उभ्यानं मागणाऱ्याले मी कायी देत नाई."

मोनाली बसली. तिने सगळं सांगितलं, मीठपाण्यासकट आणि तिघांच्या नकारासकट.

"पोरगी भेत नाई?" शेवटी केसरबाईंनी विचारलं.

"नाही."

"आन् तू?"

मोनालीने लॅपटॉप मिटला.

केसरबाई खुर्चीत मागे रेलल्या. "सारा खर्च माह्याकडं. तिघा गड्याईले नाई जमलं, ते एका बाईले जमलं, हे पाहू दे लोकाईले. बोटीवर मोठ्या अक्षरात लिव्हा जिनिंगचं नाव." त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला. "सांग नंबर. पोरीले मीच खबर देतो."

मोनालीने पुढे वाकून मोबाइलवर हात ठेवला.

"केसरबाई, पैसे नदीवरच्या बोटीला द्या," ती म्हणाली. "आणि तिला फोन करून नाही म्हणा. आधीच्या तिघांनीही माझ्याच सांगण्यावरून तेच केलं."