आजोबांच्या हौदातलं पाणी

आणखी एक अजगर सकाळी थंडगार सापडला. काकूंनी त्याला गोणपाटात गुंडाळलं आणि थेट दिरावर धावून गेल्या.

"तुझ्या त्या घोरपडीनं घात केला. ती आली आणि घराला मरणाची रांग लागली."

सरपटणाऱ्या प्राण्यांचं हे छोटं संग्रहालय दोघं मिळून चालवत, पण काकूंपुढे दिराचं कधी काही चाललं नव्हतं. घोरपड आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सर्वांत म्हातारा अजगर गेला होता. तो वयानं गेला, असं दीर सांगून थकला. शेवटी त्यानं घोरपड मागच्या खोलीत हलवली.

आता अजगरांत एकटी धाकटी उरली होती. अंड्यातून बाहेर आली तेव्हापासून काकूंनीच तिला वाढवलेलं. तिला काही झालं तर मी हे सगळं बंद करीन, असं त्या उघड म्हणत. त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिंजरे पुन्हा पुन्हा धुवायच्या, दिवे तपासायच्या, मध्येच उठून धाकटीच्या काचेला नाक लावायच्या.

आधार काय तो आजोबांचा. आजोबा म्हणजे हौदातलं म्हातारं कासव. मोठ्या पायगुणाचं. ते आल्यावरच संग्रहालयाला बरे दिवस आले, आणि इतक्या वर्षांत त्याचं कधी नखही दुखलं नाही. म्हाताऱ्या अजगराच्या मरणाचा धसका घेतल्यापासून काकू रोज सगळ्या अजगरांच्या भांड्यात आजोबांच्या हौदातलं पाणी घालायच्या. दीर हसायचा. हसू दे मेल्याला.

दुपारी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सगळ्यांच्या विष्ठेचे नमुने त्यांनी तपासले होते.

"घोरपडीत काही नाही."

"मग?" काकूंचा विश्वास बसेना.

"परजीवी जंतू कासवात आहेत. त्याला त्यांचा काही त्रास नसतो, वर्षानुवर्षं सुखानं नांदतात. सापाच्या पोटात गेले की मात्र आतडी कुजवतात. याचं पाणी सापांपर्यंत कधी गेलं नाही ना?"

दिरानं काकूंकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

काचेपलीकडे धाकटीनं भांड्यात तोंड घातलं होतं. लाडकी ती, म्हणून काकूंनी आज तिचं भांडं काठोकाठ भरलं होतं.