सगळ्यांत मोठा आवाज

"विश्वास नाय बसायचा तुमचा, आधीच सांगतो," सांडू शिपाई पत्र्याच्या खोपटासमोर जमलेल्या बायांपुढं उकिडवा बसत म्हणाला. "पण आज मोनालीनं शाळेचं नाक राखलं!"

सांडूवर विश्वास ठेवतंय कोण? वेरूळचा दगडी हत्ती दुष्काळात सोंड लांबवून टँकरचं पाणी पितो, हे त्यानं याच बायांना शपथेवर सांगितलं होतं.

द्वारकाबाई हसली. "अख्ख्या पडेगावात तुमचाच पायजमा तेवढा भिजलेला, सांडूभाऊ. हत्तीनं सोंड मारली का काय?"

"टँकरचा पाइप सुटला," सांडू म्हणाला आणि त्यानं पाय पोटाशी घेतले.

सत्यभामा, मोनालीची आई, हसली नाही. बाकीची पोरं बिस्किटांचे पुडे घेऊन दुपारीच शाळेच्या टेम्पोतून परत आली होती. मोनाली तेवढी नव्हती. खोदून विचारलं तर पोरं खाली मान घालून एवढंच म्हणाली, "ती हौदाकडं पाणी प्यायला गेली."

पावसानं पाठ फिरवली तशी पिशोरकडची ही माणसं इथं इमारतींच्या कामावर आली. पलीकडच्या शाळेत वर्ग होते, फळे होते, पोरंच नव्हती. पट मोजायला साहेब येणार म्हटल्यावर संस्थेच्या काकासाहेबांनी कामावरची पोरं मागून घेतली. एका दिवसापुरती. गणवेश शाळेचा, सांगायचं नावसुद्धा शाळेनं दिलेलं. वर पोटभर पाणी. पोरं टेम्पोत भरून न्यायची, एवढंच सांडूचं काम.

साहेबासमोर चार शब्द बोलता यावेत म्हणून शाळेतल्या मनस्विनीबाई आठवडाभर वाळूच्या ढिगापाशी येऊन शिकवत होत्या. कायद्यापुढं सगळे सारखे. शिक्षण माझा हक्क. लेकराला धोक्याच्या कामाला जुंपायचं नाही. पोरं डोक्यावरची चुंबळ न काढता ऐकायची, कारण मुकादम लगेच हाक मारायचा. मोनाली सगळ्यांत पुढं. बाईंच्या ओठांवर नजर खिळलेली. 'माझा हक्क' आलं, की सगळ्यांच्या आधी तिचाच हात छातीवर जायचा.

"मग? पुढं सांगा," सत्यभामा म्हणाली.

"पुढं काय! साहेब आला. वर्ग गपगार. साहेबानं इचारलं, हक्क म्हंजी काय, सांगंल का कुणी? पोरं लागली छताकडं बघाया. काकासाहेबांना दरदरून घाम! आन् तेवढ्यात तुमची मोनाली उठली."

"उठून बोलली?"

"बोलली? गरजली म्हणा, गरजली! सगळ्यांत मोठा आवाज तिचा. भिंतीवरली पाल दचकून खाली पडली, माय!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. गोष्ट रंगली की बाया अशाच गप्प होतात, हे सांडूला ठाऊक होतं. त्याला चेव चढला.

"साहेब खुर्चीतनं उठला. म्हणला, असं रतन इथं मातीत कशाला? गाडीत बसवली आन् थेट पुण्याला! वसतिगृहात. नळ फिरवला की पाणी. काकासाहेब म्हणले, जा सांडू, तिच्या आईला सांगून ये. घोर करू नका, शोधत फिरू नका. शिकून सवरून यील पोरगी."

"जाताना काय म्हणाली?"

"म्हणली, आईला सांगा, रडू नको म्हणावं."

"मला हाक मारली?"

"मारली तर! आई, आई, करत होती. लई येळ. फाटकापर्यंत ऐकू येत..." पायजम्याचं ओलं टोक सांडू उगाच पिळत राहिला.

सत्यभामा उठली. चपला पायात सरकवल्या.

"शाळेचा हौद कोणत्या अंगाला हाय?"

"हौद? हौदाचं काय मधीच? मी म्हणतोय गाडी, पुणं, आन् तुम्ही..."

"लबाड बोलता, सांडूभाऊ," ती म्हणाली. "माझी मोनाली जन्माची मुकी हाय."