चार नावं

जरा जवळ सरका, बाबांनो. या गोष्टीतल्या दाजींच्या हातात नारळ आहे आणि तो अजून फुटलेला नाही. तो फुटेपर्यंत ती सांगून होते.

आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक वाडी. दुपारचे दोन वाजलेले. बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता. संध्याकाळी वादळ किनाऱ्याला लागणार, असे मोबाइलवर सकाळपासून तीनदा येऊन गेले होते. होड्या वर ओढून झाल्या आणि शिरस्त्याप्रमाणे सगळी वाडी रवळनाथाच्या देवळात जमली. संकट आले की इथे आधी गाऱ्हाणे घालतात. मानकरी दाजी सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतात आणि लोक प्रत्येक वाक्याला होकार देतात.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज जां काय वादाळ तुझ्या लेकरांच्या वाटेक येताहा, तां समुद्रातच अडव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळे देऊळ असे एका तोंडाने बोलले की अंगावर काटा येतो. खोटे कशाला सांगू, कीर्तनाच्या गजरालाही तो जोर नसतो. दाजींचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी गाऱ्हाण्यात कधी नसलेले वाक्य घातले.

“सगळ्यांनी माडांची सुकी झावळां उतरून ठेयली आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“पाणी, औषधां, बॅटरी, कागदपत्रां एका पिशयेत बांधून दाराकडे ठेयली आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लवूचा आवाज सगळ्यांत मोठा.

अंगणवाडीच्या रसिकाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. ही यादी तिनेच घरोघर वाटली होती, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा म्हणून. लवूने त्या कागदात सुके बांगडे गुंडाळून मेहुण्याला दिले होते.

“आणि खाडयेकडच्या सुभद्रेक उचलून शाळेत न्हेवूक चार माणसां ठरली आसत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दाजींनी डोळे उघडले.

“कोण ते चार?”

जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. सुभद्रा खुब्याचे हाड मोडून दोन महिने खाटेवर होती. साध्या भरतीलाही तिच्या पायरीला पाणी लागते. मुलगा सुशांत मुंबईला. सकाळपासून त्याने सात घरी फोन केले होते आणि सातही घरांनी त्याला सांगितले होते, काळजी करू नको, आम्ही आहोत.

“दाजीनू, आधी नारळ फोडा बघूया,” लवू म्हणाला. “आमी सगळे आसंव मा! कोण ना कोण जातलोच.”

“कोण ना कोण!” दाजी असे कडाडले की पुढे बसलेल्या बायका दचकल्या. “ह्या कोण ना कोणाचा घर खंय रे, लवू? बोलव तेका. माका तेचा तोंड बघूचा आसा! देवाच्या दारात उभे रवान खोटा बोलतास? तोंडान व्हय म्हाराजा, आणि पाय एकाचो हलना नाय! देव काय तुमचो गडी, म्हातारेक खांद्यार घेवक?”

त्यांनी नारळ खाली पायरीवर ठेवला.

“चार नावां येयसर ह्यो फुटाचो नाय.”

“दाजीनू, गाऱ्हाणा अर्ध्यार सोडू नये,” मागून भाई म्हणाला. “देव कोपतलो.”

“कोपांदे! गेल्या वर्साची राधाबाय इसारलास तुमी?”

माना खाली गेल्या. राधाबाई खाडीकडेच एकटी राहायची. गुडघे गेलेले, बाई भिंत धरून चालायची. रसिकाची यादी पहिली चिकटली ती तिच्या दारावर. पाणी भरलेले, गोळ्या मोजलेल्या, रेशनकार्ड प्लॅस्टिकमध्ये, गळ्यात शिट्टी. त्या वादळाच्या दिवशीही याच देवळात गाऱ्हाणे झाले. तिचे नाव घेतले गेले आणि सगळ्यांनी होकार दिला. प्रत्येकाला वाटले, दुसरा गेला असेल. पाणी तिसऱ्या दिवशी उतरले. राधाबाई चुलीच्या ओट्यावर सापडली. पिशवी मांडीवर, शिट्टी दातांत. पिशवीतले कागद अगदी कोरडे होते.

“म्हातारेन एकूण एक तयारी केली होती,” दाजी म्हणाले. “फक्त उचलणारी चार माणसां पिशयेत भरून ठेवूक येणत नाय.”

रसिका उठली. “माझा नाव लिवा. एक.”

“दुसरो मी,” लवू पुटपुटला. मग भाईवर खेकसला, “बगतस काय, मेल्या? ऊठ! आणि बाजूक बसलेल्या देवेशाक घे. खुर्ची व्हयी. खाट काय त्या दारातसून भायर येवची नाय.”

चौघे निघाले. देवळाची प्लॅस्टिकची खुर्ची भाईने डोक्यावर घेतली. लवू मात्र पायरीपाशी थांबला. दाजींचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

“दाजीनू, इतक्या मनाक लावन घेव नकात. त्या वाऱ्यात राधाबायची शिट्टी कोणाक ऐकाक येतली?”

दाजी नारळाकडे बघत राहिले.

“माका ऐकाक इली होती,” ते म्हणाले. “तीनदा. मी म्हटलंय, कोण ना कोण जातलो.”

लवू खाडीकडे धावला.

आता दाजी नारळ फोडतील. तुम्ही घरी जाल, पिशवी बांधाल, बांधाच. पण तिच्यात शिट्टी ठेवाल तेव्हा, बाबांनो, राधाबाईला आठवा.