बाळाच्या झोपेचा बंदोबस्त

सोमवारी प्रेरणाला भोरच्या शाळेत पुन्हा रुजू व्हायचे होते आणि चार दिवसांपूर्वी तिच्या माहेराहून आणलेल्या तीन महिन्यांच्या बाळाच्या डोळ्याला दुपारभर डोळा लागत नव्हता. शनिवार उजाडला, तशी तिच्या नवऱ्याच्या, गोरखच्या जिवाची घालमेल वाढली. मोबाईलवरच्या सल्ल्याबरहुकूम त्याने खिडक्यांना चादरी बांधल्या, टीव्हीची पिन काढली, अंगणातल्या कोंबड्या हुसकावल्या आणि बाळाला गादीवर ठेवून तो श्वास रोखून बसला. बाळाने टाहो फोडला.

"आरं, झोळीत घाल त्याला. तुला म्या झोळीतच वाढवलाय," त्याची आई रतनबाई म्हणाली.

"आई, एकदा सवय लागली की सुटत नाही. सोमवारपासून दिवसभर दोरी कोण ओढणार?"

"म्या ओढीन. तुजा मोबाईल येणाराय व्हय ओढायला?"

शब्दाने शब्द वाढला. आवाज इतके चढले, की शेजारच्या पारूबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. रतनबाईने हातातली परात रागाने आदळली. तेवढ्यात गोरखचे लक्ष गादीकडे गेले: बाळ गाढ झोपले होते. दोघांनीही चटकन तोंडे मिटली. घर चिडीचूप झाले आणि बाळ पुन्हा किंचाळत उठले.

 

प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "थांबलात कशाला? भांडा की! माहेरी, पालीला आमच्या घरी गडावरून उतरलेल्या ट्रेकरांच्या पंगती उठायच्या, त्या गलक्यात हे बाळ रोज दोन तास झोपायचं. पण मला कुणी विचारलंच न्हाई."