दसऱ्याचा रंग

केरूचा ट्रक रोह्यात दारापुढे तीन दिवस उभा होता. पेणहून मागवलेली क्लचप्लेट दुसऱ्यांदाही बसली नव्हती. उद्या धाटावच्या कंपनीत गाडी लागली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. दुकानदार फोनवर वैतागला, "केरूशेठ, एकाच मॉडेलला तीन तऱ्हेचे गिअरबॉक्स हायत, प्रत्येकाची प्लेट वेगळी. जुन्या मालकाने बदलला असेल. आरसीवरचा नंबर नको, गिअरबॉक्सवरची पट्टी वाचा." पट्टी दिसणार कुठून? दर दसऱ्याला केरू भक्तिभावाने ट्रकला खालपर्यंत निळा रंग फासायचा. त्याने कपाळावर हात मारला. बायको हौसा मात्र थिनर आणि काथ्या घेऊन उतरवलेल्या गिअरबॉक्सपाशी बसली, देवाचा तांब्या घासावा तशी घासत राहिली. "वाचा आता!" दुपारच्या एसटीने आलेली प्लेट बरोब्बर बसली. संध्याकाळी गाडी हलली आणि केरूचा जीव भांड्यात पडला. हौसा म्हणाली, "यंदा दसऱ्याला रंगाचा डबा माझ्याकडं."