डोळ्यांतला उजेड

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी कुंभिवलीचे सहदेव आणि सुंदरा कर्जतला आबाजी फोटोग्राफरकडे आले. सोबत वारलेल्या लेकीचा मुंबईत काढलेला फोटो होता.

"हिचाबी अस्साच काढा. जोडीनं लावायचा हाय," सुंदराला खुर्चीत बसवत सहदेव म्हणाला.

फोटो काढताना उजेड कुठून घेतला ते फोटोतल्या डोळ्यांमधल्या पांढऱ्या ठिपक्यांवरून कळतं. आबाजीने फोटोला भिंग लावलं. प्रत्येक ठिपक्यात इवलीशी खिडकी होती आणि तिचं एक तावदान फुटलेलं होतं, अगदी आबाजीच्या खिडकीसारखं.

मनाची खात्री करायला त्याने खिडकीचा पडदा ओढला. फोटोतले ठिपके विझले.

"उघडा ना, दादा," सुंदरा कळवळली. "माज्या पोरीला अंधाराचं भ्या वाटतं."

आबाजीने पडदा सर्रकन सारला. खोलीभर ऊन आलं.

फोटोतले डोळे काळेच राहिले.